नेहमीची फेरी

विश्रामबाग, सांगली
२७ एप्रिल २०२५

चि. सौ. ब्राह्मी हिस अनेक आशीर्वाद.

अक्षय्यतृतीयेला साताऱ्यास यावे, असा तुझा निरोप मिळाला. फोनवर मी ‘पाहतो’ एवढेच म्हणालो. फोनवर माझे वाक्य पुरे होत नाही, हे तू जाणतेसच. तुझी आक्का माझ्या हातून फोन घेऊन ते पुरे करत असे. म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

यावे असे मनात आहे. तुझ्या आक्काने, चंदनबालेने, आईंना दिलेला शब्द मी विसरलेलो नाही. स्वतःच्या गाडीतून त्यांना एकदा कुंडलला न्यायचे, जुने घर दाखवायचे, डोंगरावरच्या पार्श्वनाथांचे दर्शन घडवायचे, असे तिने कबूल केले होते. ते काम तिच्यामागे आता माझ्याकडे आले आहे. आषाढात चातुर्मास सुरू झाला की आई नेमाप्रमाणे साताऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाहीत, आणि त्यांच्या वयात कार्तिकापर्यंतचे बेत कोणी करू नयेत, हेही मला समजते. तेव्हा जे करायचे ते चातुर्मासापूर्वीच करायला हवे.

अडचण गाडीची आहे. तिच्या फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो तो जात नाही. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर कृष्णात यांचे गॅरेज आहे. त्यांनी यंत्र लावून पाहिले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात प्राणवायू किती उरला हे सांगणारा जो ऑक्सिजन सेन्सर असतो, तो सावकाश उत्तर देतो, असे त्या यंत्राचे म्हणणे आहे. माघात त्यांनी तो बदलून नवा बसवला. दिवा गेला. चैत्रात तो परत आला, आणि यंत्राने पुन्हा तेच सांगितले. कृष्णात म्हणतात, “सर, आणखी एक टाकू. कवाकवा मालच तसला येतो.”

मला हे पटत नाही. ज्या कारणाने पहिला मंदावला आणि त्याच कारणाने दुसराही मंदावला, ते कारण न शोधता तिसरा बसवणे म्हणजे चुकलेल्या गणिताची पुन्हा स्वच्छ प्रत काढणे होय. तू तंत्रनिकेतनात मुलांना मोटारीचे इंजिनच शिकवतेस. निदान कसे करावे, हे क्रमाने लिहून कळवावेस. गाडी नित्य वापरात आहे. उभी राहून ती खराब झाली, असे म्हणता येणार नाही.

तुझे यजमान सम्मेदराव यांस नमस्कार. आईंच्या चरणी माझा नमस्कार सांगावा.

तुझा,
अण्णाप्पा


सातारा
३ मे २०२५

दाजी, जय जिनेंद्र.

पत्र मिळालं. आमच्या पोस्टमनने ते दारात उंच धरून विचारलं, “मॅडम, कुणी लिहितं होय अजून?” मी म्हटलं, आमचे दाजी लिहितात, आणि समास सोडून लिहितात.

आता धडा ऐका. इंजिनाचा संगणक म्हणजे स्वयंपाकी, आणि हा सेन्सर म्हणजे आमटीची चव घेणारा. पेट्रोल जास्त झालं की तो ‘जास्त’ म्हणतो, स्वयंपाकी हात आखडतो. लगेच तो ‘कमी’ म्हणतो, स्वयंपाकी हात सैल सोडतो. हे सेकंदा-सेकंदाला चाललेलं असतं. कृष्णातचं यंत्र फोनला जोडून पडद्यावर पाहिलं तर सेन्सरच्या विजेची रेषा भराभर वर-खाली उडताना दिसायला हवी. चव घेणारा मंद झाला की स्वयंपाकी भलतंच मीठ घालून बसतो. पण प्रश्न असा की जीभ मंद आहे, का आमटीतच काही घोळ आहे? ते वेगळं करायला हवं. म्हणून कृष्णातना तीन गोष्टी करायला सांगा.

सकाळी इंजिन गार असताना सुरू करून सेन्सरच्या आधीच्या पाइपाशी कान द्या. टिकटिक आवाज आला किंवा सांध्यावर साबणाचं पाणी लावल्यावर फुगे आले, तर तिथून बाहेरची हवा आत शिरतेय आणि सेन्सर बिचारा निर्दोष आहे. ते ठीक निघालं तर नेहमीची फेरी मारून या, म्हणजे इंजिन तापलेलं असेल, आणि लगेच वेग थोडा वाढवून धरून रेषा बघा. मग कृष्णात हवेची एक बारीक नळी काढतील; रेषा क्षणात खाली पडली पाहिजे. नळी लावून थोडं जादा इंधन दिलं की क्षणात वर गेली पाहिजे. मुद्दाम दिलेल्या धक्क्यालाही ती रेंगाळली, तर जीभच मंद. त्यानंतर सेन्सर काढून त्याचं टोक बघा. पांढरी भुकटी असेल तर कुणीतरी सांधे बंद करायचा सिलिकॉनचा लेप नको तिथे फासलाय, तेलकट काळं असेल तर इंजिन तेल खातंय. आणि हे सगळं उघड्यावर करा, पोर्चमध्ये नको. धूर वाईट असतो.

रेषेचा फोटो मोबाइलवर पाठवलात तर मला त्याच दिवशी कळेल. पाठवणार नाही, माहीत आहे.

आई विचारते, “जावईबापू गाडीला भ्यात्यात का मला?” काय सांगू?

तुमची,
ब्राह्मी


विश्रामबाग, सांगली
११ मे २०२५

चि. सौ. ब्राह्मी हिस अनेक आशीर्वाद.

आईंना सांगावे की त्यांच्या दोन्ही पर्यायांत मी बसत नाही.

तुझ्या सूचनांप्रमाणे आज रविवारी सर्व चाचण्या घराबाहेरच्या मोकळ्या जागेत पार पाडल्या. गार इंजिनाच्या पाइपाशी प्रथम कृष्णात यांनी व नंतर मी कान दिला. टिकटिक नव्हती. साबणाच्या पाण्याला एकही फुगा आला नाही. कृष्णात यांनी पाणी लावण्यासाठी दाढीचा ब्रश मागितला. माझा नवा ब्रश मी त्यांना दिला, आणि तो आता त्यांचाच झाला आहे.

त्यानंतर नेहमीची फेरी मारून आलो आणि लगेच रेषा पाहिली. ती उड्या मारत नाही. सखल माळावरच्या टेकाडासारखी सावकाश चढते, माथ्यावर रेंगाळते, सावकाश उतरते. कृष्णात यांनी हवेची नळी काढली तेव्हा ती पडली खरी, परंतु आपण बोलून थांबावे व समोरच्याने मग वर पाहावे, इतक्या अवधीने पडली. इंधन दिल्यावरही तेच. म्हणजे तुझ्या भाषेत जीभ मंद आहे. सेन्सर काढून पाहिला. पांढरी भुकटी नाही, तेलकटपणाही नाही. टोकावर कोरडी काजळी आहे. बोटाला लागते आणि फुंकली की उडते.

फोनच्या पडद्यावरील रेषा मी आलेख-कागदावर उतरवून सोबत जोडली आहे. आडवा अक्ष काळाचा, उभा विजेचा. चाचणी अर्धवट वाटू नये म्हणून कोपऱ्यात त्या वेळची इतर निरीक्षणेही नोंदवली आहेत: इंजिनाचा वेग, हवेचे तापमान, इंजिनाच्या पाण्याचे तापमान इत्यादी. त्यांतील काही तुला अनावश्यक वाटतील; ती सोडून द्यावीत.

एक किरकोळ गोष्ट. चाचणीच्या वेळी कृष्णात माझ्याकडे पाहून म्हणाले, “सर, सीट मागं घ्या की. गुडघं स्टिअरिंगला घासत्यात तुमचं.” तुझी आक्का उंचीने बेताची होती, तेव्हा आसन पुढे ओढलेले आहे. मी त्यांना म्हणालो, चालते. ते म्हणाले, “तुमाला चालतंय, गुडघ्यांना इचारलं का?” सांगण्यासारखे दुसरे काही नाही.

तुझा,
अण्णाप्पा


सातारा
१७ मे २०२५

दाजी, जय जिनेंद्र.

तुमचा आलेख मी विभागात फळ्याशेजारी लावला. मुलं विचारतात, हा कुठल्या सॉफ्टवेअरचा? मी म्हटलं, सांगलीच्या गणिताच्या निवृत्त सरांचा, पेन्सिल टोक काढून वापरतात.

रेषेबद्दल शंकाच नाही. सेन्सर मंद आहे आणि तो काजळीने मंद झालाय. पण काजळी का? उत्तर तुमच्याच कोपऱ्यात आहे, दाजी. ‘अनावश्यक वाटतील’ म्हणून तुम्ही लिहिलेला आकडा: इंजिनाच्या पाण्याचं तापमान पंचावन्न. फेरी मारून आल्यावर ते नव्वदच्या आसपास हवं. पंचावन्न म्हणजे इंजिन अजून आंघोळीच्या पाण्याइतकंच तापलंय. इंजिन गार आहे असं दिसलं की संगणक थंडीतल्या पाहुण्याला चहा द्यावा तसं जादा पेट्रोल देत राहतो. ते धड जळत नाही, त्याची काजळी होते, आणि ती बसते नेमकी सेन्सरच्या टोकावर. नवा बसवलात तर तोही काही महिन्यांत काळा. तुमचं बरोबर होतं. बदलून उपयोग नव्हता.

तेव्हा सापडलं. तुमचा थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. पाणी तापेपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारं ते छोटं झाकण असतं. ते मिटत नसेल तर आक्कासारखी मिरजेपर्यंत फेरी मारली तरी इंजिन तापणार नाही. कृष्णातना ते काढायला सांगा आणि भांड्यात पाणी घेऊन त्यात टाकून तापवा. गार पाण्यात घट्ट मिटलेलं आणि उकळायच्या आधी उघडलेलं असलं पाहिजे. तुमचं गार पाण्यातही उघडंच असेल, पैज लावते.

ते बदला, काजळी झाडा, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात निघा. आईने जुन्या ट्रंकेतून कुंडलला न्यायचं लुगडं काढून उन्हात टाकलंय. मी सांगितलं अजून तारीख ठरली नाही. ती म्हणाली, “तारीख त्यांची, ऊन माझं.”

तुमची,
ब्राह्मी


विश्रामबाग, सांगली
२६ मे २०२५

चि. सौ. ब्राह्मी हिस अनेक आशीर्वाद.

पैज तू हरलीस.

थर्मोस्टॅट काढला. स्वयंपाकघरात पिण्याचे पाणी उकळण्याचे जे पातेले आहे, ते यंत्राच्या भागासाठी वापरणे मला योग्य वाटले नाही. म्हणून बाजारातून ॲल्युमिनियमचे नवे भांडे आणले. कृष्णात म्हणाले, “सर, ह्या भागाला सोवळं लागत न्हाई.” मी त्यांना म्हणालो, भांड्याला लागते. गार पाण्यात झाकण घट्ट मिटलेले होते. पाणी तापत गेले, तळाशी बुडबुडे जमले, आणि उकळी फुटण्याच्या आधी ते हळूहळू पुरते उघडले. पाणी निवल्यावर पुन्हा मिटले. प्रयोग मी दुसऱ्यांदा करून पाहिला. भाग निर्दोष आहे आणि तो परत बसवला आहे.

म्हणजे कारण अद्याप हाती आलेले नाही. तुझ्या श्रमांबद्दल मी ऋणी आहे. तथापि वैशाख महिना सरत आहे आणि आषाढ जवळ येतो आहे. अशा गाडीतून आईंना एवढ्या लांब नेणे जबाबदारीचे होणार नाही. वाटेत ती थांबली तर त्या वयाच्या माणसाला रस्त्याच्या कडेला उभे राहावे लागेल. सम्मेदरावांनी एखादी चांगली भाड्याची गाडी ठरवून त्यांना कुंडलला नेऊन आणावे, असे मी सुचवतो. दर्शन घडले म्हणजे चंदनबालेचा शब्द पाळल्यासारखाच आहे.

येथे सर्व ठीक आहे. गुलमोहर फुलला आहे. संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी जेवण होते, नंतर वाचन. मी समाधानात आहे, हे आईंना अवश्य सांगावे.

तुझा,
अण्णाप्पा


सातारा
३१ मे २०२५

दाजी,

पैज हरले. आईला भाड्याच्या गाडीचं सांगितलं. तिने लुगडं घडी करून ट्रंकेत परत ठेवलं आणि म्हणाली, “लेकीची गाडी म्हंजे लेकीची गाडी. भाड्याची मी कशाला बघू?”

थर्मोस्टॅट चांगला. पाइप चांगला. इंजिन तेल खात नाही. तरी फेरीहून आल्यावर पाणी पंचावन्न. मग एकच कारण उरतं, आणि ते मला आधी सुचायला हवं होतं. आमच्याकडे डॉक्टरांच्या दवाखान्यासमोरच्या गाड्यांत नेहमी सापडतं. गाडी सुरू होते आणि तापायच्या आत बंद होते. रोज. महिनोन्‌महिने. थोडंसंच चालणाऱ्या गाडीचा सेन्सर असाच काळा होतो.

तुमची ‘नेहमीची फेरी’ म्हणजे आक्काची मिरजेची फेरी, असं मी धरून चालले. तुम्ही तसं कुठेच लिहिलेलं नाही. तिन्ही पत्रं पुन्हा वाचली.

दाजी, गाडी रोज कुठे जाते? आणि ती बिघडली म्हणून तुम्ही येत नाही, का तुम्ही कुठे जात नाही म्हणून ती बिघडली?

ब्राह्मी


विश्रामबाग, सांगली
१५ जून २०२५

चि. सौ. ब्राह्मी हिस अनेक आशीर्वाद.

उत्तरास विलंब झाला. दोन वेळा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा मजकूर अपुरा वाटला.

गाडी रोज घरापासून बस्तीपर्यंत, म्हणजे आमच्या जिनमंदिरापर्यंत जाते आणि दर्शन झाल्यावर परत येते. पायी गेल्यास फार तर पंधरा मिनिटांची वाट आहे. गाडी उभी ठेवू नका, असे तुझी आक्का दवाखान्यातून म्हणाली होती, म्हणून ती रोज सुरू करतो. तिच्या म्हणण्याचा मी एवढाच अर्थ घेतला.

त्यापलीकडे ती जात नाही, याचे कारण तुला माहीत असणे आता आवश्यक आहे. चंदनबाला दर चातुर्मासात देशव्रत घेत असे: चार महिने ठरवलेल्या हद्दीबाहेर जायचे नाही. तिची हद्द कृष्णेच्या पुलापर्यंतची होती. गेल्या वर्षीही तिने ती घातली, आणि भाद्रपदात, व्रत अर्ध्यावर असताना, ती गेली. तिसऱ्या दिवशी मी बस्तीत उभे राहून तिचे उरलेले दिवस माझ्याकडे घेतले. तेव्हा ते मला अत्यंत योग्य वाटले, आजही वाटते. तिचे काही अपुरे राहू नये, एवढेच मनात होते.

कार्तिकात मुदत संपली. नियमाप्रमाणे मी मोकळा झालो होतो. त्या दिवशी पुलाच्या अलीकडच्या टोकापर्यंत गेलो आणि परत फिरलो. पलीकडे गेलो असतो तर तिचे तेवढेही संपले असते. पुढचा महिना पाळला, मग त्याच्या पुढचा. कोणाला सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही.

गाडी नादुरुस्त आहे म्हणून मी येऊ शकत नाही, असे मी लिहिले होते. तुझ्या प्रश्नानंतर मान्य करावे लागते की कार्य आणि कारण मी उलट जागी ठेवले. विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत मी याला गुण दिले नसते.

परंतु व्रत ते व्रत. मनाला येईल तेव्हा हद्द पुसली, तर ती हद्द नव्हतीच. म्हणून तुला एक तांत्रिक प्रश्न विचारतो, आणि कृपया हसू नये. पुलाच्या अलीकडेच राहून, घराच्या अंगणात तासभर इंजिन चालू ठेवून, अथवा गल्लीतल्या गल्लीत फेऱ्या मारून हा सेन्सर स्वच्छ होऊ शकेल का? तसे झाले तर सम्मेदराव येथून गाडी नेऊ शकतील, आई तिच्याच गाडीतून कुंडल पाहतील, आणि मलाही माझे पाळता येईल.

आईंना यातील किती सांगावे, हे तुझ्या विवेकावर सोपवतो.

तुझा,
अण्णाप्पा


सातारा
२० जून २०२५

दाजी, विवेकाचं काम मी आईवरच सोपवलं. तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं, मग तिने सांगितलं आणि मी लिहून घेतलं. एक शब्द बदललेला नाही.

आवं जावईबापू, तुमचं पत्र ऐकलं. चंदनाचं ऱ्हायलेलं दीस तुमी अंगावर घेतलंसा, लय चांगलं केलंसा. पोटच्या लेकालाबी सुचलं नसतं. पर आता माझं ऐका.

चंदनाचा पाय ल्हानपणापासनं घरात ठरत नव्हता. कुंडलात असली तर डोंगरावर, न्हाईतर पलूसच्या बाजारात. नातवंडं खेळवायच्या वयात गाडी शिकली, तवापासनं तर बघायलाच नको. सांगलीसनं निघायची, लोणंदच्या मावशीकडं च्या प्यायची आन् दिस बुडायच्या आत घरी. म्हणून ती चार म्हैने हद्द घालून घ्यायची. फिरणं जिवाचं होतं, म्हणून फिरणं सोडायचं. मला म्हणायची, “आई, पूल दिसला की माझं पाय शिवशिवत्यात.” त्याला व्रत म्हणत्यात.

तुमचं काय हाय? लगीन झाल्यापासनं तुमी आपणहून कवा कुठं गेलासा? आमच्याकडं यायचं म्हणलं की तुमचं डोकं दुखायचं. आमाला समदं ठावं होतं, जावई म्हणून बोललो न्हाई. तुमाला घरात बसायला गोड लागतं. गोड लागतंय त्येच करायचं आन् त्याला व्रत म्हणायचं, म्हंजे गूळ खाऊन उपास धरल्यागत झालं. कुठल्या म्हाराजांनी सांगितलं तुमाला असलं?

तिचं व्रत तिच्यासंगं पुरं झालं. तुमच्या हातनं कार्तिकात पुरं झालं. आता तुमाला नेम पाळल्याशिवाय करमत नसंल, तर मी देते नवा नेम. नको वाटतंय ते करायचं. म्हैन्यातनं एकदा पूल वलांडायचा आन् सासूला तोंड दावायचं. चातुर्मासात मी साताऱ्यातनं हलणार न्हाई, तुमी हला. आन् त्याच्या आधी मला कुंडलला न्या. लुगडं परत उन्हात घातलंय. फुडच्या सीटवर मी बसणार हाय. माझी लेक बसवायची तसं.

आता माझं, दाजी. हसले नाही. तुमच्या तांत्रिक प्रश्नाचं उत्तर: नाही. अंगणात तासभर इंजिन चालू ठेवलं तर काजळी वाढेल, कमी होणार नाही. गल्लीत फेऱ्या मारून गल्लीवाले तापतील, इंजिन नाही. सेन्सरवरची काजळी जळून जायला धूर चांगला तापावा लागतो, आणि धूर तापायला इंजिनाला अंगावर भार घेऊन लांब, एका चालीने पळावं लागतं. असा रस्ता तुमच्या घराजवळ पुलाच्या पलीकडेच आहे. काही बदलू नका, काही विकत आणू नका. निघा.

दिवा लगेच जाणार नाही. दोन-तीन लांबच्या फेऱ्या नीट झाल्या की संगणक आपणहून मालवतो. माझी परीक्षेची ड्यूटी आहे, म्हणून कुंडलला तुम्ही दोघंच.

ब्राह्मी


विश्रामबाग, सांगली
२ जुलै २०२५

चि. सौ. ब्राह्मी हिस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोहोचलो. तुझ्या दारात आईंना उतरवले तेव्हा तू परीक्षेहून नुकतीच आली होतीस आणि मीही परतीच्या घाईत होतो; म्हणून प्रवासाचा वृत्तांत आता देतो.

शनिवारी बस्तीत दर्शन घेतले. घेतलेला नियम कार्तिकात पूर्ण झाला, असे मनाशी म्हटले. हे म्हणायला मला बराच वेळ उभे राहावे लागले. बाहेर कृष्णात उभे होते. ते कशासाठी आले होते, हे त्यांनाही सांगता आले नाही. म्हणाले, “चाकातली हवा बघावी म्हणलं.” हवा ठीक होती. त्यांनी पुलापर्यंत मोटारसायकल माझ्या गाडीमागे ठेवली आणि मी पूल चढल्यावर ते वळले.

पुलाविषयी लिहिण्यासारखे विशेष नाही. तो इतर पुलांसारखाच संपला.

इस्लामपूर येईपर्यंत माझे गुडघे मला बोलू लागले. बस्तीच्या वाटेत ते सहन होते. साताऱ्याच्या वाटेत होईना. रस्त्याच्या कडेला, एका रसवंतीसमोर गाडी थांबवली, खालचा दांडा ओढला आणि आसन मागे सरकवले. ते सहजासहजी सरकेना. खाली काही अडकले होते. हात घालून काढले तर चंदनबालेची लवंगांची डबी निघाली. तिला घाटात मळमळत असे. ती डबी हरवली म्हणून तिने मला दोष दिला होता. आसन मागे गेले. मी रसवंतीतल्या बाकावर थोडा वेळ बसलो, एक पेला रस घेतला, आणि मग पेठ नाक्यावरून महामार्गाला लागलो. एका चालीने, तुझ्या सूचनेप्रमाणे.

रविवारी आई पुढे बसल्या. ती डबी मी त्यांना दिली. त्यांनी उघडून एक लवंग तोंडात टाकली आणि कराड येईपर्यंत चघळली. मग म्हणाल्या, “अजून तिखट हाय.”

कुंडलात जुन्या घराला नवा रंग दिला आहे, निळा. आईंना तो आवडला नाही, आणि ही गोष्ट त्यांनी तेथे राहणाऱ्यांना सांगितली. त्या लोकांनी तरीही चहा दिला. डोंगरावर त्यांना चढवणे शक्य नव्हते. गाडी जेथवर जाते तेथवर नेली, आणि तेथून त्यांनी वर पाहून हात जोडले. मी पायऱ्या चढून दर्शन घेऊन येऊ का, असे विचारले, तेव्हा म्हणाल्या, “जावा की. तुमाला नको वाटतंय न्हवं? मग जावाच.” गेलो. वर वारा होता. खाली पाहिले तर पांढरी गाडी आणि तिच्या दारात उघड्या हवेला बसलेल्या आई एवढेच दिसत होते. चंदनबाला याच पायऱ्या लहानपणी पळत चढत असेल. मी थांबत थांबत चढलो, हे खरे, पण चढलो.

परतताना कराड मागे टाकल्यावर आई फलकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “आवं, मघाशी तो पिवळा ठिपका होता तो कुठं गेला?” मी पाहिले. दिवा गेला होता. संगणक सलग फेऱ्यांतील निरीक्षणे तपासून स्वतःच दिवा कसा मालवतो, हे मी त्यांना सविस्तर समजावून सांगू लागलो. माझे सांगणे अर्ध्यावर होते तेव्हा त्यांना झोप लागलेली होती. मी तरीही पुरे केले.

सोबत नवा आलेख जोडला आहे. तुझ्या दारात गाडी थांबवल्यावर, आईंना उतरवण्यापूर्वी, कृष्णात यांच्याकडून आणलेले यंत्र लावून मी पडद्यावरची रेषा टिपून घेतली होती. म्हणूनच उतरायला उशीर झाला. आता ती सुईसारखी उभी चढते व उभी पडते. इंजिनाच्या पाण्याचे तापमान एकोणनव्वद. फळ्याशेजारी जुन्याच्या बाजूला हाही लावावास, म्हणजे विद्यार्थ्यांना तुलना करता येईल.

आईंनी दिलेला नियम मी येथे बस्तीत रीतसर घेतला. श्रावणातील चतुर्दशीला साताऱ्यास येत आहे. सम्मेदरावांना सांगावे की मी भाजी आणीन, त्यांनी आणू नये. निघण्यापूर्वी डोके दुखण्याची शक्यता आहे. ते धरून चालावे.

तुझा,
अण्णाप्पा

ता. क. बस्तीला आता मी चालत जातो.